नणंदेच्या कानांनी घेतलेला स्पीकर

इस्पितळाच्या तळघरात, एक्स-रेच्या खोलीला लागून, एक लहानशी बंद खोली होती. आतून भिंतींना राखाडी स्पंज, दार हातभर जाड, मधोमध एक खुर्ची. काचेच्या अलीकडे यंत्रापाशी बसून बटणबाई गेली चोवीस वर्षं लोकांचे कान तपासत होती. "हेडफोन लावा. आवाज आला की बटण दाबा. मुंगीएवढा आला तरी दाबा." हे ती दिवसातून वीस वेळा म्हणायची, म्हणून पेशंटांनीच तिचं नाव बटणबाई ठेवलं. पुढे डॉक्टर तसं म्हणू लागले आणि शेवटी नोटीस बोर्डवरसुद्धा ते नाव लागलं. तिने हरकत घेतली नाही.

चोवीस वर्षांत तिचं एक मत पक्कं झालं होतं. डोळे अधू झाले तर माणूस चष्मा लावतो, दात पडले तर कवळी बसवतो. पण कान गेले तर तो बायकोला नीट बोलायला सांगतो. "मला सगळं ऐकू येतं" असं कोणी म्हटलं की ती मान डोलवायची आणि यंत्र चालू करायची.

तिचा नवरा छापखान्यात प्रूफं तपासायचा. घरात चुका काढणारी दोन माणसं असल्यामुळे भांडणं थोडीच व्हायची, पण नेमकी व्हायची. घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खाली, नणंद राहायची. एकटीच. लग्न तिने केलं नव्हतं आणि त्याचं कारण कोणी विचारलं तर ती म्हणायची, "जमलं नाही," आणि विषय संपायचा.

बटणबाई गिटार वाजवायची. हे इस्पितळात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात असताना शिकली, मग सोडली नाही. चौघांचा बँड होता. ड्रम वाजवणारा कुलपं दुरुस्त करायचा, गाणारा विमा कंपनीत होता, आणि कीबोर्डवर एक निवृत्त भूगोलाच्या बाई. लग्नाचे स्वागतसमारंभ, कंपन्यांचे वार्षिक दिवस, कोणाच्या तरी निवृत्तीचा कार्यक्रम, असं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वाजवणं व्हायचं. टाळ्या बेताच्या पडायच्या, पण पुन्हा बोलावणं यायचं.

तिच्याकडे काचेच्या व्हॉल्व्हचा एक जुना ॲम्प होता. म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं लाकडी खोकं, स्पीकरसकट. त्याचं वजन तीस किलो. सव्वीस वर्षं ती आणि नवरा ते खोकं तीन मजले उतरवत आणि चढवत आले. मग एका रविवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिच्या कमरेत लचक भरली आणि ती जिन्यातच बसली. नवऱ्याने आधी ॲम्प नीट टेकवला आणि मग तिच्याकडे पाहिलं. हा क्रम तिने पुढे बरेच दिवस लक्षात ठेवला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. "पिशवीतसुद्धा नाही," ते म्हणाले.

कुलूपवाल्याने सुचवलं, "ताई, मॉडेलर घ्या. आता सगळे तेच घेतात."

मॉडेलर म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढी चपटी पेटी. तिच्यात पन्नास-साठ तऱ्हेच्या ॲम्पांचे आवाज आकडेमोड करून भरलेले असतात. एका बाजूने गिटार जोडायची, हवा तो ॲम्प निवडायचा, दुसऱ्या बाजूने आवाज काढून घ्यायचा. अडचण एवढीच, की पेटीला स्वतःचं तोंड नसतं. हेडफोन लावा, नाहीतर स्पीकर जोडा.

महिनाभर तिने हेडफोन लावले. घरात तारांची नुसती कुरकुर ऐकू यायची आणि तिच्या कानात मात्र भरलेलं सभागृह असायचं. नवऱ्याला वाटलं, हिचा नाद सुटत चाललाय. तिनेही त्याचा समज मोडला नाही.

मग एका कापडगिरणीच्या वार्षिक समारंभात चौघं वाजवायला गेले. तिने मॉडेलर नेला आणि कुलूपवाल्याच्या मेहुण्याचा एक लहान गिटार-ॲम्प मागून आणला. पहिलं गाणं सुरू झालं आणि तिची गिटार गोधडीखालून वाजू लागली. चूक तिला लगेच उमगली. मॉडेलरच्या आवाजात ॲम्प आणि स्पीकर दोन्हींचा रंग आधीच असतो. तो पुन्हा गिटारच्या ॲम्पातून काढणं म्हणजे साखर घातलेल्या चहात पुन्हा साखर घालणं. याला लागतो कोरा स्पीकर. जे येईल ते तसंच्या तसं बाहेर सोडणारा, स्वतःचं काही न मिसळणारा, आणि ताकद आतच असलेला. दुकानात त्याला पॉवर्ड स्पीकर म्हणतात.

हे काम आपल्याइतकं चांगलं या गावात कोणी करू शकणार नाही, असं बटणबाईला वाटलं. आवाज मोजणं हाच तिचा धंदा. तिने इस्पितळाच्या तपासणीच्या कागदासारखा एक तक्ता आखला. वजन, पडद्याचा घेर, वरचे सूर, खालचे सूर, खरखर, पंख्याचा आवाज. शेवटी "शेरा" म्हणून एक रकाना.

बाजारात वाद्यांचं एकच मोठं दुकान होतं. दुकानदाराच्या शर्टाच्या खिशात तीन पेनं असायची आणि तो प्रत्येक स्पीकरची ओळख वॉटने करून द्यायचा.

"हा दोन हजार वॉट."

"सतत किती?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"क्षणभर दोन हजार देतो, ते कळलं. तासभर वाजला तर किती देतो?"

दुकानदाराने खोक्याची मागची बाजू वाचली. मग त्याने खालची बाजू वाचली. "कंपनीने लिहिलेलं नाही," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याने तिला वॉट सांगणं बंद केलं.

तीन रविवार सकाळी ती दुकानात गेली. कुलूपवाला उचलायला बरोबर असायचा. दहा इंची, बारा इंची, जमिनीवर तिरके ठेवायचे, काठीवर उभे करायचे, असे सात स्पीकर तिने ऐकले आणि सातांपुढेही एकच शेरा लिहिला: "मंद." कशालाच धार नव्हती. तारेवर नखी पडते तेव्हा जो बारीक चकाका उठतो तो कुठेच नव्हता. ती मॉडेलरवरचे वरचे सूर वाढवत राहायची आणि "आता बरं" म्हणेपर्यंत दुकानातली इतर गिऱ्हाइकं बाहेर फुटपाथवर उभी असायची.

"ताई," कुलूपवाला तिसऱ्या रविवारी म्हणाला, "माझे दात शिवशिवले."

"तुझे दात दाखवून घे," ती म्हणाली.

आठवा स्पीकर बारा इंची होता, आणि दुकानदाराने तो आपणहून घरी नेऊन ऐकायला दिला. बहुधा दुकानातली माणसं आत यावीत म्हणून. कुलूपवाल्याने तो वर चढवून दिला. शनिवारी संध्याकाळी बटणबाईने तो बैठकीच्या खोलीत मांडला, मनासारखा आवाज लावला आणि वाजवायला बसली. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात नणंद उभी होती.

या नणंदेबद्दल थोडं सांगायला हवं. ती चिनी मातीच्या कपबशांच्या कारखान्यात होती. भट्टीतून कप निघाले की ते तिच्यापुढे यायचे. ती प्रत्येक कप एका बोटावर उलटा धरून लाकडी काडीने टिचकी मारायची. धड कप टणकन बोलतो. डोळ्याला न दिसणारा तडा असला तर ठक्क करतो. ठक्क केलेला कप उजवीकडच्या पिंपात. दिवसाला दोनेक हजार कप, अशी एकोणतीस वर्षं. बोलणं तिला फारसं आवडत नसे. माणसांनाही ती टिचकी मारूनच पाहते, असं तिचा भाऊ म्हणायचा.

"वहिनी," ती म्हणाली, "टोचतंय."

"वन्सं, आवाज फार मोठा नाही लावलेला. मोजलाय मी."

"मोठा नाही म्हणत मी. टोचतंय म्हणतेय. दाभणासारखं."

"तुम्हाला गिटार पहिल्यापासून आवडत नाही."

नणंद उंबऱ्यातच उभी होती. "गाण्यातलं मला कळत नाही," ती म्हणाली. "पण पहिल्यापासून टोचत नव्हतं. पहिली वीस वर्षं ठीक होतं. मी खाली स्वयंपाक करायचे आणि वर तुमचं चालू असायचं, माझं लक्षही जायचं नाही. गेली पाच-सहा वर्षं टोचतंय. दर वर्षी थोडं जास्त."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले होते. माझ्या भावाला. तो म्हणाला, तिला आवाजातलं जास्त कळतं."

एवढं सांगून ती जिना उतरून गेली. बटणबाईने गिटार मांडीवरून खाली ठेवली. दर वर्षी थोडं जास्त, हे शब्द तिने हजारो वेळा ऐकले होते, पण ते पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकांकडून. टीव्ही दर वर्षी थोडा मोठा लागतो. फोनवर दर वर्षी थोडं जास्त ओरडावं लागतं. पेशंट बाजूला बसून "मला सगळं ऐकू येतं" म्हणत असतो, आणि आपण कागद भरत असतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याकडे गेली. तो चक्कर येण्याचे, तोल जाण्याचे आजार तपासायचा आणि त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

"माझे कान बघ," ती म्हणाली.

त्याने डबा बंद केला आणि उठला. एवढ्या वर्षांत तिने त्या बंद खोलीतली ती खुर्ची शेकडो वेळा पुसली होती. तिच्यावर बसली कधी नव्हती. दार लागल्यावर तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. पेशंट का घाबरतात ते तिला तेव्हा कळलं.

"आवाज आला की बटण दाब," सहकारी काचेमागून म्हणाला. "मुंगीएवढा आला तरी."

उजवा कान बरा निघाला. डावा कान सुरुवातीला बरा होता. मग एका जागी काही येईचना. ती बटणावर अंगठा ठेवून बसली. काचेपलीकडे सहकारी मान खाली घालून एक चकती फिरवत होता, पुन्हा फिरवत होता, म्हणजे आवाज वाढवत होता, हे तिला न ऐकताच कळत होतं. बऱ्याच वेळाने कुठेतरी दूर बारीक शीळ वाजल्यासारखी वाटली. तिने दाबलं.

कागदावर निळी रेघ चार हजारांच्या आकड्यापाशी विहिरीत उतरावी तशी उतरली होती आणि पलीकडे थोडी वर आली होती. नेमके तारेच्या चकाक्याचे सूर. मोठ्या आवाजाजवळ वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचा हा ठसा असतो. गिरणीतले जॉबर, पत्रा कापणारे, भोंग्याशेजारी उभे राहणारे, सगळ्यांचे कागद असेच दिसतात. सव्वीस वर्षं तो ॲम्प तिच्या डाव्या हाताला, पाठीमागे, कमरेच्या उंचीवर असायचा. उजवीकडे जागा नसायची, तिथे ड्रम.

सहकाऱ्याने कागद तिच्याकडे फिरवला. मग त्याने जे सांगायचं असतं ते सांगितलं. "गेलेलं परत येत नाही. राहिलेलं जपायचं."

हे वाक्य या इस्पितळात तिनेच सुरू केलं होतं. ते एवढं छोटं आहे हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. दुपारी अकरा पेशंट तपासले. प्रत्येकाला खुर्चीत बसवल्यावर दार लावायच्या आधी ती थोडं थांबायची, आणि आपण का थांबतो ते तिला सांगता आलं नसतं.

घरी नवऱ्याला कागद दाखवला. त्याने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, "हे माझ्या नजरेतून सुटलं." प्रूफवाल्याच्या तोंडून याहून मोठी कबुली निघत नाही, हे तिला माहीत होतं. त्याने चहा केला. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "ताईने सांगितलं होतं मला," आणि कपबश्या विसळायला घेऊन गेला. नणंद त्याच्याहून वर्षाने मोठी, तो तिला ताई म्हणायचा.

आठवडाभर बटणबाईने गिटारला हात लावला नाही. खोलीत तो आठवा स्पीकर भिंतीकडे तोंड करून बसला होता. एकदा तिच्या मनात आलं, विकून टाकावं सगळं. मॉडेलर, गिटार, तो तीस किलोचा ॲम्प. मग वाटलं, विकायला काढलं तर ते वाजवून दाखवावं लागेल. शनिवारी संध्याकाळी ती एक मजला उतरली.

नणंद भाजी निवडत होती. बटणबाईने कागद तिच्यापुढे ठेवला आणि निळ्या रेघेवर बोट ठेवून काय ते सांगितलं. नणंदेने रेघ पाहिली.

"ठक्क," ती म्हणाली.

"हो."

"मग आता?"

"मला स्पीकर घ्यायचाय. माझ्या कानांनी घेतला तर लोक बाहेर जातील. तुमचे कान लागतील, वन्सं."

"मला गिटारमधलं काही कळत नाही."

"म्हणूनच. ज्यांना कळतं ते मला बरं वाटेल असं बोलतात."

नणंदेने आणखी दोन काड्या निवडल्या. "कारखान्याला सुट्टी रविवारी असते," ती म्हणाली.

त्याआधी बटणबाईने तिला एकदा इस्पितळात नेऊन त्या खुर्चीत बसवलं. तपासल्याशिवाय ती कशावरच विसंबली नसती. एकावन्नाव्या वर्षी नणंदेचा कागद शाळकरी मुलीसारखा निघाला. रेघ सरळ, डावीकडून उजवीकडे, कुठे खड्डा नाही. बटणबाईला हेवा वाटला आणि तो तिने मनात ठेवला.

पुढच्या रविवारी दोघी आणि कुलूपवाला आठवा स्पीकर परत घेऊन दुकानात गेले. बटणबाईने आज मॉडेलरवर काही वाढवलं नाही. कंपनीकडून पेटीत जसा आला तसा साधा आवाज ठेवला. नणंदेने आधी पर्समधून काडी काढली. कपांचीच. ती प्रत्येक खोक्याच्या चारी बाजूंना टिचक्या मारत गेली. दुकानदार पेनं चाचपत पाहत राहिला.

"ह्याचं लाकूड सैल आहे," ती तिसऱ्यापाशी म्हणाली.

"मॅडम, तो प्लॅस्टिकचा आहे."

"मग प्लॅस्टिक सैल आहे."

बटणबाईने त्यातून सर्वांत जाड तार वाजवली आणि आवाज वाढवला. खोक्याच्या मागच्या अंगात काहीतरी बारीक थरथरलं. तिला ते ऐकू आलं नाही, पण हात लावल्यावर बोटांना कळलं. दुकानदाराने स्क्रू ड्रायव्हर आणला. मागचा एक स्क्रू अर्धाच बसला होता.

पुढे दीड तास काम चाललं. एकच चाल, एकाच जोराने, आधी हळू, मग समारंभात लागतो तेवढा मोठा. नणंद एकदा समोर उभी राहायची, मग बाजूला, मग थेट दुकानाच्या टोकाला. दोन हजार वॉटवाला समोरून चांगला होता, पण दोन पावलं बाजूला सरकलं की आवाजाचं डोकंच कापल्यासारखं व्हायचं. एकाचा वरच्या सुरांचा कर्णा हळू असताना गोड आणि मोठा केला की बोचरा. एकाचा पंखाच गाण्यापेक्षा जोरात. बटणबाई वाजवायची आणि नणंदेच्या चेहऱ्याकडे पाहायची. तिथे काही दिसायचं नाही. मग नणंद हाताने खूण करायची. उजवीकडे, म्हणजे पिंपात.

शेवटी कोपऱ्यातला एक राहिला. बारा इंची, काळा, जमिनीवर तिरका ठेवायचा, वजन तेरा किलो. वॉट सगळ्यांत कमी. त्यावर धूळ होती. नणंदेने टिचकी मारली, ऐकली, पुन्हा मारली. मग बटणबाईने वाजवलं. नणंद समोर गेली, बाजूला गेली, टोकाला गेली, आणि परत येताना तिथे मांडलेल्या एका स्टुलावर बसली. दीड तासात ती पहिल्यांदाच बसली होती.

"हा," ती म्हणाली.

"वरचे सूर कसे आहेत?"

"आहेत. टोचत नाहीत."

बटणबाईला तो स्पीकर सगळ्यांत मंद वाटला होता. तिने तक्त्यातला शेऱ्याचा रकाना काही वेळ पाहिला आणि त्यात लिहिलं, "घ्यावा."

नव्या स्पीकरवरचा पहिला कार्यक्रम एका बँकेच्या व्यवस्थापकाच्या निवृत्तीचा होता, संध्याकाळी साडेपाचला. स्पीकर कुलूपवाल्याने उचलला. बटणबाईने तो आपल्या उजव्या हाताला ठेवायला लावला. त्यासाठी ड्रम सरकवावे लागले आणि कुलूपवाल्याने त्याबद्दल थोडी कुरकुर केली. कानांत तिने आवाज गाळून कमी करणारे बोळे घातले होते, तिच्याच विभागात साचा घेऊन बनवलेले. मॉडेलरवर नणंदेने सांगितल्याप्रमाणे वरच्या सुरांच्या बटणापाशी खूण केलेली होती, आणि त्या खुणेपलीकडे जायचं नाही असं ठरलं होतं.

पहिल्या गाण्यात तिची बोटं दोनदा त्या बटणाकडे गेली. आपलं वाजवणं तिला ओल्या भिंतीमागून आल्यासारखं वाटत होतं. नखी पडत होती, तार हलत होती, आणि चकाका जिथे असायला हवा तिथे काही नव्हतं. तिने सभागृहाच्या मागच्या बाजूला पाहिलं. शेवटच्या रांगेच्या मागे नणंद भिंतीला टेकून उभी होती, हातात पर्स, चेहरा कप तपासतानाचा. तिने उजवीकडे खूण केली नाही. बटणबाईने हात परत तारांवर आणला आणि जे ऐकू येत नव्हतं ते तिथे आहे असं धरून वाजवत राहिली. तिसऱ्या गाण्यापर्यंत तिला त्याची थोडी सवय झाली. चौथ्यात एकदा डोळे भरून आले. घाम पुसल्यासारखं करून तिने ते पुसले.

कार्यक्रम संपल्यावर विमावाला गायक पाणी पीत म्हणाला, "आज मला पहिल्यांदा माझे शब्द ऐकू आले. आधी तुमच्या गिटारखाली जायचे."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला आवाजातलं जास्त कळतं म्हणून," तो म्हणाला.

याला आता तीन वर्षं झाली. बटणबाईची निळी रेघ आहे तिथेच आहे. दर सहा महिन्यांनी ती तपासून घेते. आपला कागद तिने तळघरातल्या त्या खोलीबाहेर भिंतीवर लावलाय, नाव न घालता. कोणी पेशंट विचारतो, हा कोणाचा, तेव्हा ती सांगते, "माझा." त्यानंतर पेशंट सहसा वाद घालत नाहीत.

नणंद मागच्या वर्षी कारखान्यातून मोकळी झाली. गावात आणखी सहा-सात जण गिटारवाले आहेत. त्यांना ही गोष्ट कळली आणि रविवारी सकाळी दुकानात तिला गाठायला लागले. दुकानदाराने तिच्यासाठी खुर्ची ठेवलीय. ती कोणाकडून काही घेत नाही आणि फारसं बोलतही नाही. एकाने तिला विचारलं, इतकं ऐकता, तर तुम्ही स्वतः काही शिकत का नाही. बटणबाई शेजारीच बसली होती, तिलाही उत्तर ऐकायचं होतं.

"वहिनींकडे दोन महिने गेले होते," नणंद म्हणाली. "बोटं दुखतात. आणि मी वाजवलेलं मला ऐकवत नाही."